इंडियात गेल्यावर दाखवेन

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज लॅबला जायला लिफ्ट घेतली. तिसऱ्याच मजल्यासाठी. लिफ्टमध्ये कुबड्या घेतलेला एक मुलगा होता. त्याने माझ्या धडधाकट पायांकडे असं काही पाहिलं की मी बाहेर पडताना उगाचच थोडी लंगडले.

ही डायरी सावनीने दिवाळीला पाठवली होती. पहिल्या पानावर लिहिलंय, ‘आम्हाला काही सांगत नाहीस, निदान हिला सांग.’ तेव्हापासून कोरीच होती, कारण लिहायचंही जिवावर येतं. पण आजचं लिहून ठेवायलाच हवं, नाहीतर उद्या मी शब्द फिरवेन.

दुपारी प्रोफेसर केलरनी, म्हणजे माझ्या अ‍ॅडव्हायझरनी, बोलावून घेतलं. बॅटरीच्या पातळ थरांवरचं माझं काम गेल्या उन्हाळ्यापासून रखडलंय. ते म्हणाले, पीएचडीच्या चौथ्या वर्षी माणसाला थोडी तरी घाई हवी. तुला हे अजून करायचंय का, ते स्प्रिंग ब्रेकनंतर मला सांग. नसेल करायचं तर मास्टर्स घेऊन बाहेर पडण्यात काही कमीपणा नाही. आवाज अजिबात चढवला नाही. चढवला असता तर मीही भांडले असते. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त त्यांच्या कोपऱ्यातल्या सोफ्यावर आडवं व्हायचं होतं.

संध्याकाळी सत्यजितचा फोन. तो, सावनी आणि मी पुण्याला इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो आणि एका ट्रेकिंग ग्रुपात. आता तो ओहायोत डब्लिनला, सावनी न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला, दोघेही नोकरीत स्थिरावलेले. आणि मी इथे पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेज नावाच्या गावात, अजून विद्यार्थिनी.

“मार्सी करू यार,” सत्यजित म्हणाला. “न्यूयॉर्क स्टेटमधला सगळ्यात उंच डोंगर. तीन वर्षं नुसतं प्लॅन करतोय. तुझा स्प्रिंग ब्रेक आहे, आम्ही मंडेची सुट्टी टाकतो.”

“बर्फ असेल ना?”

“बर्फच तर बघायचाय.”

तर ठरवलं. माथ्यावर पोचले तर पीएचडी पूर्ण करायची, मग काय वाट्टेल ते होवो. नाही पोचले तर केलरना सांगायचं की मी बाहेर पडते. हे कुणाला सांगणार नाही. इथे लिहिलं, काळ्या दगडावरची रेघ.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

बर्फ चावताना अनयाने पकडलं. अनया माझी रूममेट, नागपूरची. “बाहेर एवढी थंडी अन् तू बर्फ खाऊन राहिली?” म्हणाली. फ्रीजरमधले दोन्ही ट्रे मीच संपवते हे तिला आत्ता कळलं. मला तो दाताखाली फुटल्याचा आवाज आवडतो. दुपारी लॅबमध्ये असताना आठवण येते, इतका आवडतो. माणसाला एखादी तरी खोड असावी, बाकी मला आहे काय.

सकाळी आईशी बोलले. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ती पोळ्या लाटत होती. मला बघून खूश झाली. “तिकडची हवा मानवली हो तुला, किती गोरी झालीस.” दमायला होतं म्हटलं तर म्हणाली, “बी-ट्वेल्व्ह घे. आपल्याकडच्या सगळ्या बायका अशाच, दमत दमतच कामं उरकतात.” आमचे पुरुषोत्तमकाका इकडे आले होते तेव्हा त्यांच्याबरोबर तिने गोळ्यांचा पुडा पाठवला होता. आज शोधून काढला. तारीख उलटून गेली होती, तरी एक घेतली.

१ मार्च, शनिवार

मार्सीचा सराव. सॅकमध्ये तांदळाची पिशवी भरली आणि आमच्या घरामागचा चढ चढायला निघाले. चढ कसला, लोक त्यावर बाबागाड्या ढकलत नेतात. अर्ध्यातच छाती भरून आली, म्हणून बस स्टॉपच्या बाकावर बसले. तेवढ्यात कँपसची बस आली, ड्रायव्हरने दार उघडून वाट पाहिली, आणि त्याला कशाला नाराज करा म्हणून चढले. एक स्टॉप पुढे उतरले. तांदूळ परत डब्यात ओतले.

पाळी चालू आहे, तेही कारण असेल. ती संपली की बरं वाटेल. पण हल्ली ती संपून पुन्हा सुरू होण्यात काही अंतरच उरलेलं नाही. पलंगावर जाड टॉवेल घालून झोपते.

सावनीचा फोन आला. आवाज ऐकूनच तिने विचारलं, “आश्लेषा, डॉक्टरला दाखवलंस?”

“इंडियात गेल्यावर दाखवेन.”

“तू चार वर्षं गेली नाहीयेस.”

खरंय. इथे आम्ही सगळे हेच म्हणतो. दुखरी दाढ, चष्म्याचा नंबर, गुडघा, केसगळती, सगळं इंडियात गेल्यावर. तिकडे आपले डॉक्टर आहेत, अर्ध्या वाक्यात कळतं त्यांना. पण गेलं की व्हिसाचा शिक्का परत मिळवावा लागतो, आणि आमच्या डिपार्टमेंटचा एक जण त्यासाठी गेला तो सेमिस्टर संपेपर्यंत हैदराबादलाच अडकला. म्हणून मी जात नाही. मी आणि माझी दाढ, दोघी थांबलोय.

आणि डॉक्टर तरी काय सांगणार. झोपा, ताण घेऊ नका. मुळात मी आळशी झालेय, हे मला कळतं. कॉलेजात मी अशी नव्हते. आळसासाठी रक्त तपासून काय निघणार आहे?

७ मार्च, शुक्रवार

दोघं आले. सावनीला वेस्ट विंडसरहून सरळ उत्तरेला जाता आलं असतं, तर ही चार तास उलट्या दिशेने गाडी हाकत इकडे. “एकत्र निघायचं, नाहीतर रोडट्रिप कसली,” म्हणाली. सत्यजितही ऑफिस अर्ध्यावर सोडून आला.

दारातच सावनी माझ्याकडे बघत उभी राहिली. “तू इतकी पांढरी कधी झालीस?”

“आई म्हणते गोरी झालीस.”

ती हसली नाही. पोहे करायला मला कांदाही चिरू दिला नाही. मी आंघोळीहून आले तर दोघं ओट्याशी डोकं जवळ घेऊन कुजबुजत होते, मला पाहून गप्प झाले. सत्यजित एकदम शेंगदाण्याच्या डब्याचं कौतुक करायला लागला. म्हणजे यांचं जमलंय तर. मला आनंदच आहे, मनापासून. पण मग मला कशाला घेताय मध्ये, कबाब में हड्डी. जरा रडू आलं. हल्ली कशानेही येतं.

८ मार्च, शनिवार

दिवसभर गाडी. सत्यजित चालवत होता, सावनी शेजारी, मी मागे पाय दुमडून झोपलेली. डोळे उघडले की कधी पांढरं शेत, कधी लाल कोठार, कधी दोघांचे हलके आवाज. मी हलले की ते थांबायचे.

गॅस स्टेशनवर दोघांनी कॉफी घेतली आणि मी मोठा पेला भरून बर्फ. सत्यजित म्हणाला, “ताई, बाहेर फुकट पडलाय, आत विकत कशाला घेतेस?” पण मग आरशातून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. हा रस्त्याकडे बघेल तर बरं, असं मनात आलं.

आता मोटेलमध्ये आहोत. डोंगर ढगात आहे. उद्या.

९ मार्च, रविवार

आज लिहवत नाही. नाही पोचले.

१० मार्च, सोमवार

परतीच्या वाटेवर, मागच्या सीटवर बसून लिहितेय. सावनी चालवतेय.

काल इथल्या रिवाजाप्रमाणे उन्हाळ्यासाठी सगळी घड्याळं तासाने पुढे गेली, म्हणजे आधीच एक तासाची झोप गेली. पायथ्याशी भाड्याने स्नोशूज घेतले, ते पसरट असतात, ते न घालता बर्फात गेलं तर रेंजर टोकतात. सगळ्यांचे पट्टे सत्यजितने स्वतः बांधून दिले. मग काठी टेकून उभा राहिला आणि सहज म्हणाला, “आशू, तू पुढे.”

आमच्या ग्रुपचा नियम आहे. सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे, म्हणजे बाकीचे त्याच्या चालीने चालतात. सगळ्यात दमदार माणूस शेवटी. कॉलेजची चारही वर्षं शेवटी मी असायचे. हरिश्चंद्रगडाला, रतनगडाला, पुढच्यांच्या सॅका पाठीवर आणि पोटावर घेऊन मी मागून गाणी म्हणत यायचे, आणि पुढे असलेल्या पोरांना वाटायचं, हिला दम कसा लागत नाही. काल मी काही न बोलता पुढे झाले. सावनी मध्ये, सत्यजित शेवटी. यात कुणी कुणाला काही म्हणायचं नसतं, म्हणून तर जास्त लागतं.

सपाटीवर ठीक होतं. खाली वाकलेली फरची झाडं, शांतता, चालण्याचा खर्रखर्र आवाज. चढ लागल्यावर कानात ठोके पडायला लागले. मी मूठमूठ बर्फ उचलून खात होते. ओढ्यापाशी एक म्हातारं जोडपं कुत्र्यासकट आम्हाला ओलांडून गेलं. बाई म्हणाल्या, “यू आर डुइंग ग्रेट, हनी.” इतकं वाईट मला केलरच्या खोलीतही वाटलं नव्हतं.

पुढे इंडियन फॉल्स नावाची जागा लागते. धबधबा पूर्ण गोठलेला. “आपलाच आहे, बस,” असं म्हणून सत्यजितने थर्मासमधला चहा काढला. सावनी माझे हातमोजे काढून बोटं चोळायला लागली, बराच वेळ चोळत राहिली, नखं उलटसुलट करून बघत होती.

“परत फिरू या?” तिने विचारलं.

“नाही.”

“अगं, तुझी नखं बघ.”

“थंडी आहे, सावनी. सगळ्यांची अशीच असतील.”

तिने मोजे काढून स्वतःची समोर धरली. गुलाबी होती. मी म्हटलं, तू नोकरी करतेस, चांगलं खातेस.

त्यानंतरचं मला तुटक आठवतंय. थोडं चालायचं, काठीवर ओणवं व्हायचं, पुन्हा थोडं. झाडं बुटकी झाली, त्यांच्यावरचा बर्फ माझ्या खांद्याएवढ्यावर आला. ढग जरा हलले आणि माथा दिसला. नुसता पांढरा घुमट. वाटेत कुठेही काही अवघड नव्हतं, फक्त चालायचं होतं. मी निघाले, आणि डोळ्यांपुढे चहूबाजूंनी काळं येत गेलं आणि मी खाली बसले. पडले नाही. बसले, आणि उठता येईना.

सत्यजित समोर उकिडवा बसला. “बास. खाली.”

“तुम्ही जा. मी थांबते इथे.”

“ग्रुप तुटत नाही, माहितीये ना तुला.”

“तीन वर्षांपासून जायचंय ना तुला? मग जा. माझ्यामुळे नको.”

“डोंगर कुठे जात नाही यार.”

“मला पोचायलाच हवं,” मी म्हटलं, आणि रडायला लागले. का पोचायला हवं ते सांगितलं नाही. पापण्यांवर बर्फ धरला. सावनीने मला पाठीमागून धरून ठेवलं, आणि सत्यजितने माझी सॅक काढून स्वतःच्या पोटावर बांधली. उतरताना कुणी बोललं नाही. तो रागावलाय असं मला वाटलं, आणि रागवायला त्याला हक्कही होता.

आज सकाळी मोटेलमधून केलरना मेल पाठवली, की मी विचार केला आहे आणि मास्टर्स घेऊन बाहेर पडायचं ठरवलं आहे. पाठवल्यावर दुःख नाही झालं. झोप आली.

(नंतर) मघाशी गाडीत दोघांना सांगून टाकलं. पैजेचं आणि मेलचं, दोन्ही. सावनीने पुढच्या रेस्ट एरियात गाडी घातली आणि इंजिन बंद केलं.

“डोंगर चढता आला नाही म्हणून पीएचडी सोडलीस?”

“डोंगराचं नाही गं. मी आता कशालाच पुरत नाही. तुम्हाला नाही कळायचं. तुमचं सगळं नीट चाललंय, आता तुमचं दोघांचंही जमलंय...”

“आमचं काय जमलंय?”

मी कुजबुजण्याचं सांगितलं. सत्यजितने कपाळाला हात लावला. सावनी म्हणाली, “गाढवे, आम्ही तुझ्याबद्दल बोलत होतो. सहा महिने तेच चाललंय आमचं. फोनवर दोन वाक्यं बोललीस की तुला धाप लागते. ट्रिप याच्यासाठीच काढली, म्हटलं समोर बघू तरी. हा म्हणाला थोडं चालवू, म्हणजे कळेल. इतकं असेल असं नाही वाटलं आम्हाला.”

सत्यजित खिडकीबाहेर बघत होता. “चूक झाली माझी,” म्हणाला. “पायथ्यालाच परत फिरायला हवं होतं.”

“उद्या हेल्थ सेंटर,” सावनी म्हणाली. “मी सुट्टी वाढवतेय.”

“इंडियात...”

“इंडियाचं नाव काढू नकोस. दर सेमिस्टरला इन्शुरन्स भरतेस, तो काय फ्रेम करून लावायला?”

११ मार्च, मंगळवार

केलरचं उत्तर आलंय. दोन ओळी. समजू शकतो, तुझ्याबरोबर काम करायला आवडलं. भूतकाळात.

हेल्थ सेंटरच्या डॉक्टर नीना म्हणून होत्या, आडनाव आपल्याकडचं, मराठीचं मात्र नाव नाही. त्यांनी पाळीचं विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पापणी खाली ओढून पाहिली. मग एकदम विचारलं, बर्फ खावासा वाटतो का? चोरी पकडली गेल्यासारखं मी सावनीकडे पाहिलं. शरीरात लोह संपत आलं की असं होतं, त्या म्हणाल्या.

रक्त घेतलं. घरी पोचायच्या आत फोन आला. हिमोग्लोबिन साडेपाच. मला अर्थ कळला नाही, सावनीच्या चेहऱ्यावरून कळला. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला जा, स्वतः गाडी चालवू नकोस, आणि दोन दिवसांपूर्वी तू कुठे होतीस म्हणालीस, ते पुन्हा सांग, असं डॉक्टर म्हणाल्या. मग विचारलं, इतके दिवस थकवा होता तर आली का नाहीस?

मी म्हटलं, मला वाटलं सगळेच असे दमलेले असतात.

१३ मार्च, गुरुवार

दोन पिशव्या रक्त चढवलं. आता लोहाचं सलाइन लावणार आहेत, आठवड्याला एक. गर्भाशयात गाठी आहेत, साध्या, काढता येण्यासारख्या. सगळं हातात होतं, बसच्या सहा स्टॉपवर.

दुसरी पिशवी संपत आली तेव्हा पायाची बोटं गरम लागली. किती वर्षांनी, कोण जाणे. सत्यजितला फोन केला तर तो ऑफिसच्या मीटिंगमधून उठून बाहेर आला आणि नाक ओढत राहिला. सर्दी झालीये म्हणाला.

सगळे म्हणतात थोडक्यात वाचलीस. मला मात्र राग आलाय. दोन वर्षं मी स्वतःला आळशी, नालायक, काय काय म्हणत होते. ते शब्द आता कुणाला परत करू?

२ एप्रिल, बुधवार

आज लॅबच्या दारात पोचल्यावर लक्षात आलं की आपण जिन्याने आलो. मध्ये कुठे थांबलो ते आठवेना, कारण थांबलेच नव्हते.

केलरना भेटले. रिपोर्ट दाखवायला नेला नव्हता, तोंडीच सांगितलं. “मला वाटलं तुझा यातला रस संपला,” म्हणाले. मी म्हटलं, मलाही तसंच वाटलं होतं. माझ्या कामातला अर्धा भाग त्यांनी देवांगला देऊन टाकलाय, पहिल्या वर्षाचा मुलगा आहे, हुशार आहे, परत मागता येणार नाही. उरलेला अर्धा घ्यायचा तर पुन्हा पहिल्यापासून, आणि एखादं वर्ष जास्त. मी घेते म्हटलं. बाहेर येऊन भीती वाटली. दगडावरची रेघ मी पुसली, पण आता जमलं नाही तर सांगायला रक्ताचं कारण नाही.

रात्री झोपायच्या आधी आईला फोन केला. तिच्याकडे सकाळ. आजवर तिला फक्त सर्दी-ताप सांगितला होता. आज सगळं सांगितलं, हॉस्पिटलसकट. आधी रडली, मग रागावली, आधी का नाही सांगितलंस म्हणाली, सावनीला किती वेळा आशीर्वाद दिले. पोळी तव्यावर तशीच होती, मला दिसत होती.

“मग आता नाही दमत तू?” तिने विचारलं.

“दमते, पण तसं नाही. दमले की बसते आणि बसलं की जातं.”

“म्हणजे ते जातं?”

“काय?”

“ते गं. सकाळी उठल्यापासूनचं. औषधाने जातं ते?”

मी विचारलं, तुला होतं का. ती म्हणाली, सगळ्यांनाच होतं, जिना चढताना कठड्याला धरून जरा उभं राहायचं, मग चढायचं. कधीपासून विचारलं तर तिला आठवेना. तू झालीस तेव्हापासून असेल, म्हणाली, आणि पोळी उलटली. ती करपली होती.

मी बाबांना फोन द्यायला सांगितलं. म्हटलं, बाबा, आज दुसरं काही करू नका, आईला घेऊन रक्त तपासायला जा.

“आईला? तिला काय झालंय?”

“दमते ती.”

बाबा हसले. “तुझी आई? अगं, पहाटे पाचपासून उभी आहे ती. घटकाभर बसलेली कधी बघितलीयेस का तू तिला?”